‘एसएसडी तापून गेली’ म्हणत वापरलेली ड्राइव्ह नवी म्हणून गळ्यात

लॅपटॉप उघडायच्या आधीच काउंटरवरून निदान येतं: ‘एसएसडी तापून गेली, बदलावी लागेल.’ (एसएसडी म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या फायली साठवणारी ड्राइव्ह.) खालून हात लावून बघा म्हणतात, आणि तिथे खरंच चटका बसतो. या प्रकरणातल्या ग्राहकानेही हात लावला, मान डोलावली आणि ‘१ टीबी नवी ड्राइव्ह अधिक हीटसिंक’ (उष्णता शोषून घेणारा धातूचा तुकडा) म्हणून साडेसात हजार मोजले. बिल मागितलं तर उत्तर आलं, ‘जीएसटी वेगळा लागेल’, म्हणून तेही राहिलं.

लॅपटॉप दोन वर्षांचा, आत ५१२ जीबीची एनव्हीएमई ड्राइव्ह, म्हणजे वेगवान जातीची एसएसडी. तक्रार एवढीच की मोठी फाईल कॉपी करताना सुरुवातीला वेग छान मिळतो, मग एकदम कोसळतो. दुकानदाराने तेच करून दाखवलं: २४ जीबीचा व्हिडिओ कॉपीला लावला, नऊ-दहा जीबीनंतर वेग पडला. ‘बघा, तापली!’ पुरावा म्हणून स्क्रीनवरचा तापमानाचा आकडाही दाखवला, ३१८. ग्राहक घाबरणारच. पण एनव्हीएमई ड्राइव्ह तापमान केल्व्हिनमध्ये नोंदवते. ३१८ वजा २७३, म्हणजे ४५ अंश सेल्सियस. काम करणाऱ्या ड्राइव्हसाठी हे अगदी साधं तापमान आहे. सलग लिहिताना ६०-७० अंशही होतात, आणि बऱ्याच ड्राइव्ह ८० अंशांच्या पुढे गेल्यावर स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतात.

मग वेग का पडला? ड्राइव्हमध्ये जेमतेम ३० जीबी जागा मोकळी होती. ड्राइव्हमधल्या टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये एका पेशीत, म्हणजे डेटा साठवायच्या सूक्ष्म कप्प्यात, तीन बिट बसतात. लिहिण्याचा वेग वाढवण्यासाठी कंट्रोलर (ड्राइव्हचं कामकाज चालवणारी चिप) मोकळ्या जागेत आधी एकच बिट भरतो आणि नंतर सवडीने ते दाबून बसवतो. त्यामुळे ३० जीबी मोकळी जागा म्हणजे फार तर १० जीबीचा वेगवान पट्टा. तो भरला की मूळ संथ वेग उघडा पडतो. यावर उपाय शंभरेक जीबी जागा रिकामी करणं, म्हणजे फुकटचा.

उष्णता आणि भरलेला पट्टा यांतला फरक घरी ओळखता येतो. कॉपी चालू असताना शेजारी तापमान उघडं ठेवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधल्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ते सेल्सियसमध्येच दिसतं. वेग पडताना तापमान ५० अंशांच्या आसपास असेल तर उष्णतेला दोष देऊ नका. ८० च्या वर जाऊन पडला, खालून पंख्याचा वारा दिल्यावर काही मिनिटांत पुन्हा वाढला, तर मात्र ती उष्णताच.

याहून पक्का पुरावा ड्राइव्ह स्वतःच जपून ठेवते. ड्राइव्हची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टमोनटूल्स या प्रोग्रामसंचातलं स्मार्टसीटीएल चालवलं की ‘वॉर्निंग कॉम्पोझिट टेम्परेचर टाइम’ अशी ओळ येते. इशाऱ्याच्या तापमानावर आजवर किती मिनिटं गेली, त्याचा तो हिशेब. ‘जळाली म्हणून फेकून दिली’ असं सांगितलेली जुनी ड्राइव्ह दोन-तीन फोन झाल्यावर दुकानातच ‘सापडली’. यूएसबी केसमध्ये घातली तर सगळ्या फायलींसह उघडली. त्या ओळीत आकडा होता शून्य. ड्राइव्ह कधी इशाऱ्यापर्यंतही तापली नव्हती!

आता नव्या म्हणून दिलेल्या ड्राइव्हचं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्राम ती आजवर किती तास चालली ते सांगतो: ९,१४०. रोज आठ तास धरले तरी तीन वर्षांहून जास्त वापर. डेटा युनिट्स रिटन, म्हणजे आजवर लिहिलेल्या डेटाचा हिशेब, २२ कोटी. एक युनिट ५,१२,००० बाइटचं, म्हणजे सुमारे ११२ टीबी लिहून झालेलं. (या प्रोग्राममध्ये कच्चे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या पद्धतीत) दिसतात, ते फंक्शन मेन्यूतून दशमान करून घ्या.) इथे तास निदान दिसले तरी. काही कंट्रोलरवर कारखान्यात वापरायचं सॉफ्टवेअर चालवून हे आकडे शून्य करता येतात, म्हणून नुसत्या शून्यावर भाळू नये. ड्राइव्हच्या जोडणीच्या सोनेरी पट्ट्यांवर उभे ओरखडे असतील किंवा टोकाच्या अर्धगोल खाचेभोवती स्क्रूचा वळ उमटला असेल, तर ती कुठेतरी बसून आलेली आहे.

हीटसिंकची कथा आणखी वाईट. डेस्कटॉपसाठीचा जाड ॲल्युमिनियमचा तुकडा लॅपटॉपमध्ये कोंबला होता, त्याने खालचं झाकण फुगलं आणि ड्राइव्ह मधोमध वाकली. थर्मल पॅडवरची (ड्राइव्हची उष्णता धातूपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्टीवरची) निळी प्लास्टिकची फिल्मही काढली नव्हती, त्यामुळे उष्णता धातूपर्यंत नीट पोचतच नव्हती. लॅपटॉपला पातळ तांब्याची पट्टी आणि झाकणापर्यंतची फट मोजून घेतलेला अर्धा किंवा एक मिलिमीटरचा पॅड पुरतो, तोही खरंच तापत असेल तर.

लॅपटॉप दुकानात देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा फोटो काढा. त्यात मॉडेल, सिरीयल नंबर, तास आणि तापमान एकत्र येतं. बॅकअप घ्या. पावतीवर ‘जुना भाग परत’ असं लिहून घ्या, कारण त्या जुन्या तुकड्यात तुमचे फोटो, बँकेची कागदपत्रं आणि सेव्ह केलेले पासवर्ड असतात. या ग्राहकाची ड्राइव्ह काही दिवस दुकानात राहिली, म्हणून पासवर्ड बदलावेच लागले. नवी ड्राइव्ह दुकानातच, पैसे देण्याआधी तपासा आणि तिचा सिरीयल नंबर बिलावर घ्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नसलं तरी यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचा संवाद जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.