किशोरांच्या सवयी मोजायच्या आहेत: तयार प्रश्नावली मराठीत आणावी की नवी बांधावी?

एमडी किंवा एमएस्सीच्या मुदतीत काम उरकायचं असेल तर तयार साधन घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय सर्वेक्षणाचे, म्हणजे जीएसएचएसचे, प्रश्न १३ ते १७ वयासाठी आहेत. आहार, हालचाल, स्वच्छता, तंबाखू, मद्य, मानसिक आरोग्य असे त्यात १० मुख्य विभाग आहेत आणि २००७ साली ते भारतातल्या सीबीएसई शाळांत वापरले गेले. फक्त हालचालच मोजायची असेल तर कॅनडाची पीएक्यू-ए ही किशोरांसाठीची प्रश्नावली पुरते: मागच्या ७ दिवसांवर ९ प्रश्न, गुण १ ते ५. मात्र त्यातून मिनिटं किंवा कॅलरी निघत नाहीत. शिवाय पीटीच्या तासाचे प्रश्न असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत ती निरुपयोगी.

'तयार' म्हणजे आयतं नव्हे. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ न पाहिलेल्या दोघांनी उलट भाषांतर करायचं. मग ८-१० मुलांना प्रत्येक प्रश्न वाचून 'तुला काय कळलं?' असं विचारायचं. खरे घोळ इथेच सापडतात. पीएक्यू-एच्या खेळांच्या यादीतल्या आइस हॉकीच्या जागी कबड्डी-खोखो घालणं सोपं. पण 'व्यायाम' म्हटलं की रोज सायकलने शाळेत येणारी मुलगी 'करत नाही' लिहिते. 'तंबाखू' वाचून मशेरी डोक्यात येत नाही, तिचं नाव घालावंच लागतं.

नवी प्रश्नावली तेव्हाच, जेव्हा तुमचा विषय तयार साधनात नाही: क्लासमुळे रात्री उशिरा होणारं जेवण, उपवास, अंथरुणातला मोबाइल. खर्च मोठा. आधी प्रश्न विषयाला धरून आहेत का हे तज्ज्ञांकडून तपासायचं. ते पाच किंवा कमी असतील तर प्रत्येक प्रश्नावर सर्वांचं एकमत लागतं. सहा ते दहा असतील तर आशय-वैधता निर्देशांक (प्रश्न योग्य म्हणणाऱ्या तज्ज्ञांचा वाटा) ०.७८ चालतो. घटक विश्लेषणासाठी, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात बसतात हे आकड्यांतून पाहायला, प्रश्नामागे किमान ५, शक्यतो १० विद्यार्थी धरतात. ३० प्रश्न म्हणजे ३०० मुलं, आणि सापडलेली रचना पडताळायला वेगळी तुकडी.

अल्फाचा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणाऱ्या आकड्याचा, हट्ट मात्र दोन्हीकडे घात करतो. नाश्ता, झोप आणि गुटखा या सवयी एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत असं काही नाही. म्हणून सगळ्या प्रश्नांचा मिळून अल्फा ०.७० खाली आला तर प्रश्नावली वाईट ठरत नाही. तो आकडा वाढवायला तंबाखूचा प्रश्न गाळणं हा तर उफराटा न्याय. अल्फा वृत्ती किंवा आत्मविश्वास मोजणाऱ्या प्रश्नांच्या गटाला लावा. सुट्या सवयींना १० ते १४ दिवसांनी पुनर्चाचणी (त्याच मुलांना तेच प्रश्न पुन्हा) आणि कप्पा (kappa: योगायोगाने होणारी जुळणी वगळून उरलेली जुळणी). तोही जपून वाचावा. समजा १०० मुलांत ९४ दोन्ही वेळा 'नाही', २ दोन्ही वेळा 'हो' आणि ४ जणांनी उत्तर बदललं (२ इकडे, २ तिकडे): जुळणी ९६ टक्के, कप्पा जेमतेम ०.४८. सवय दुर्मीळ असली की असं होतं, म्हणून दोन्ही आकडे छापा. दोन फेऱ्यांमध्ये परीक्षा किंवा दिवाळी आली तर सवयच बदलते आणि दोष प्रश्नावर येतो.

दोन फेऱ्यांची उत्तरं जुळवायला नावाऐवजी मुलाने स्वतः बनवलेला कोड घ्या; भरताना वर्गशिक्षक बाहेर हवेत, नाहीतर तंबाखूचं उत्तर सगळ्यांचं एकच येईल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीसोबत १२ वर्षांवरील मुलांची लेखी अनुमती लागते. पायलटनंतर, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीनंतर, शब्द बदलले तर मसुदा नैतिकता समितीकडे पुन्हा पाठवण्याचा वेळ धरा. नव्या प्रश्नावलीला तो जास्तच लागतो, कारण तिथे अख्खे प्रश्न गळतात.