कॉमिक फोटोचं ॲप, सात महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ते ठिपके!

वर्षाचे पैसे एकदम भरून बसलोय म्हणून अजून वापरतोय, नाहीतर हे ॲप कधीच उडवलं असतं. नाव लिहीत नाही, सपोर्टवाल्यांशी भांडण चालू आहे. काय करतं ते सगळ्यांना माहितीये, बटण दाबलं की काळ्या रेघा, सपाट रंग आणि वरून ठिपके.

पहिले दोन महिने मी जाम खूश होतो, घरातल्या सगळ्यांचे डीपी मीच बदलून दिले. दोन गोष्टी तेव्हाच कळल्या. दात दाखवून हसणारा फोटो टाकू नका, प्रत्येक दाताभोवती काळी रेघ येते आणि चांगला माणूस राक्षस दिसतो. आणि रात्रीचा फोटो तर नकोच, अंधारातल्या नॉइजलाही, म्हणजे फोटोतल्या दाण्यांनाही, ते कडा समजतं आणि चेहऱ्यावर मुंग्या सोडल्यासारखं होतं. हे चालायचं.

मग अपडेट आला आणि ठिपक्यांचा स्लायडरच गायब! आता ठिपके घ्यायचेच, तेही त्यांच्या मापाचे. बहिणीचा इतका छान फोटो, कॉमिक केला तर गालावर गोवर. सपोर्टला चार मेल टाकले, चारही वेळा ‘ॲप काढून परत टाका’ एवढंच उत्तर. परत टाकल्यावर माझे जुने प्रोजेक्ट गेले ते गेलेच, पैसे परत मागितले तर मुदत संपली म्हणे.

चिडून कॉम्प्युटरवर फोटोशॉपमध्ये तेच करून बघितलं, एका मित्राकडे आहे. त्यातला कलर हाफटोन फिल्टर, रेडियस 8 पिक्सेल, आहे तसाच ठेवला. 6000 पिक्सेल रुंद फोटोवर ठिपके एकदम बारीक, सुरेख. घरी पाठवायला 1200 वर आणला तर ठिपके जाऊन नुसत्या लाटा लाटा! तेव्हा ट्यूब पेटली. ठिपक्याचं माप पिक्सेलमध्ये असतं, फोटो पाचपट लहान केला की ठिपकाही पाचपट लहान होतो आणि उरलेल्या दोन-तीन पिक्सेलांत गोल काय मावणार. म्हणजे ॲपमधून मोठा फोटो काढून तो मेसेजवर पाठवायचो आणि तिथे तो आकसायचा, त्या लाटांचं खापर मी उगाच ॲपवर फोडत होतो. तेवढे शब्द मागे. आधी फोटो हव्या त्या मापाला आणायचा, ठिपके सगळ्यात शेवटी.

पण गोवरचं काय? तो ॲपचाच दोष, या मतावर मी ठाम आहे. कारण जुन्या कॉमिक्समधले ठिपके ही कलाकारी नव्हती, काटकसर होती. बेंजामिन डे या अमेरिकन छपाईवाल्याच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1879 ची, मोजक्या शायांत जास्त छटा काढायची. गुलाबी शाई वेगळी कशाला, लाल ठिपके विरळ छापा, लांबून गुलाबीच दिसतं. त्यात एका भागातले ठिपके सगळे एकाच मापाचे, सारख्या अंतरावर. हाफटोनमध्ये मात्र सावली गडद तसा ठिपका मोठा होतो, तो वर्तमानपत्रातल्या फोटोचा प्रकार. ॲप हाच दुसरा प्रकार डोळे, केस, भिंत सगळ्यावर फासतं आणि त्याला कॉमिक म्हणतं. (बायको म्हणते हा फरक जगात फक्त तुलाच दिसतो. असेल.)

आता मी जिंपवर आलोय, फोटोशॉपसारखंच कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मेनू शोधताना जीव जातो पण फुकट आहे. फोटोच्या दोन कॉप्या करायच्या. खालची थोडी ब्लर करून पोस्टराइझ, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्याच ठेवायच्या, पाच-सहा लेव्हल पुरतात. वरच्या कॉपीवर डिफरन्स ऑफ गॉशियन्सने कडा काढायच्या, थ्रेशोल्ड लावायचा (सगळं नुसतं काळं-पांढरं होतं) आणि मोड मल्टिप्लाय, की पांढरं जातं आणि रेघा उरतात. दातांवरच्या रेघा पांढऱ्या ब्रशने पुसून टाकायच्या, राक्षसाचा परत माणूस होतो. ठिपक्यांसाठी वेगळा लेयर, म्हणजे वरून आणखी एक थर, त्यात सपाट फिकट करडा रंग भरून न्यूजप्रिंट फिल्टर, ब्लॅक ऑन व्हाइट. करडा सगळीकडे सारखा म्हणून ठिपकेही सारखे येतात! मग कलर टू अल्फाने पांढरं काढायचं, ठिपक्यांत लाल रंग भरायचा आणि मास्क लावून, म्हणजे बाकीचे झाकून, फक्त गालाच्या सावलीत ठेवायचे.

एका फोटोला पाऊण तास जातो, ॲपला दहा सेकंद लागायचे. बहिणीचा फोटो परत केला, तिने लगेच डीपीला लावला. ॲपचे पाच महिने अजून शिल्लक आहेत, पैसे भरलेत तर झाडांचे आणि गाड्यांचे फोटो त्यात काढतोय, गाडीला गोवर झाला तरी कोणी विचारत नाही.