अंकलचा 'सायन्स फिक्शन': पाहुण्यांची यादी सोडा, ड्रम ऐका

अंकल (UNKLE) या ग्रुपच्या 'सायन्स फिक्शन' (Psyence Fiction) या अल्बमचा विषय निघाला की जो तो आधी नावं मोजायला लागतो, रेडिओहेडचा थॉम यॉर्क आहे, द व्हर्वचा रिचर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट आहे, बीस्टी बॉइजचा माइक डी आहे, तेव्हा मेटालिकात असलेला जेसन न्यूस्टेड आहे. आहेत ना, सगळे आहेत. पण मला विचाराल तर हे घर डीजे शॅडोच्या ड्रमचं आहे आणि बाकी सगळे पाहुणे.

१९९८ मध्ये मो वॅक्स लेबलवर आलेला अल्बम. लेबल लंडनच्या जेम्स लॅवेलचं, माणसं जमवायचं कामही त्याचंच, आणि संगीत कॅलिफोर्नियाच्या शॅडोने बांधलंय, जुन्या रेकॉर्ड्समधले तुकडे सॅम्पलरवर कापून जोडून, त्याच्या स्वतःच्या १९९६ च्या 'एंडट्रोड्यूसिंग' अल्बममध्ये केलं होतं तसंच.

सुरुवातीलाच रॅपर कूल जी रॅप येतो आणि ड्रम अक्षरशः अंगावर येतात, पुण्यात पौड फाट्याच्या सिग्नलला हॉर्नच्या गोंगाटात पण हे गाणं दबत नाही. 'लोनली सोल' मात्र पीएमपीत बसून ऐकू नका प्लीज. जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे, अ‍ॅशक्रॉफ्ट आधी गातो मग हळूहळू बाजूला होतो आणि विल मलोनने लिहिलेल्या स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन वगैरे, पुढे येतात (मॅसिव्ह अटॅक या बँडच्या 'अनफिनिश्ड सिम्पथी'च्या स्ट्रिंग्जही त्याच्याच), आणि बसमध्ये इंजिनच्या घरघरीत नेमका तोच भाग जातो. रात्री कर्वे रोडची वर्दळ थांबल्यावर चांगले हेडफोन लावून ऐका, काटा येतो अंगावर.

सगळंच भारी आहे असं नाही हं. माइक डीचं 'द नॉक' मला कधीच पटलं नाही, नुसता आवाज आहे, आणि बॅडली ड्रॉन बॉयचं 'नर्सरी राइम' दुसऱ्याच कुठल्यातरी अल्बममधून उचलून आणल्यासारखं वाटतं. इथे लॅवेलचा मोठी नावं जमवायचा हट्ट नडलाय. याउलट 'केऑस'मध्ये टॉक टॉक बँडचा मार्क हॉलिस पियानो वाजवतो, क्रेडिटमध्ये नाव पण नाही त्याचं, आणि किती शांत सुंदर वाजवलंय!

त्याच्या पाठोपाठ 'रॅबिट इन युअर हेडलाइट्स'. पियानोचे मोजकेच सूर, थॉम यॉर्कचा ओढलेला आवाज, मध्ये 'जेकब्ज लॅडर' सिनेमातला संवाद आणि खाली ते ड्रम. व्हिडिओ जोनाथन ग्लेझरचा आहे, बोगद्यातून बडबडत चाललेला माणूस, गाड्या उडवतात तरी परत उठून चालतो. आधी गाणं ऐका मग व्हिडिओ बघा, नाहीतर नंतर गाणं लावलं की डोळ्यासमोर तो माणूसच येत राहतो.

आणि याच अल्बममधलं 'अनरिअल' आवडलं तर १९९९ चं 'बी देअर' शोधा, त्याच ट्यूनवर स्टोन रोझेस बँडचा इयन ब्राउन गायलाय. मला तर तेच जास्त आवडतं.