पुण्यातली हडपसर–वाघोली १० किमी वायरलेस लिंक, आठ महिन्यांनंतर: सिग्नल भरपूर, मग स्पीड का पडतो?

दोन्ही गच्च्यांवर ५.८ गिगाहर्ट्झचा रेडिओ आणि ६२ सेंमीची ३० डीबीआय डिश (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप). रेडिओची पॉवर ६ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक), दोन डिशचे मिळून ६०, वाटेतली घट १२८. म्हणजे उणे ६२ डीबीएम यायला हवेत. येतात उणे ६३. सुरुवातीला उणे ७९ येत होते, कारण डिश साइड लोबवर, म्हणजे मुख्य झोताऐवजी बाजूच्या कमजोर झोतावर लागली होती. हिशेबापेक्षा १५ डीबी कमी दिसले तर डिश दोन्ही बाजूंना १५ अंश सावकाश फिरवून खरं शिखर शोधा.

खरा त्रास संध्याकाळी ७ ते ११. सिग्नल जागचा हलत नाही, पण वाघोलीकडचा नॉइज (इतर रेडिओंचा गोंगाट) उणे ८९ वरून उणे ७८ वर चढतो आणि डाउनलोड कोसळतो. हडपसरला तेव्हाही शांत असतं, म्हणून कुठले चॅनल भरलेत याचं स्कॅन दोन्ही टोकांना आणि याच वेळेत करा. दुपारचं स्कॅन फसवतं. डिशचा झोत ६ अंशांचा, अरुंद वाटतो. १० किमीवर तोच १ किमी रुंद होतो. वाघोलीची डिश त्या पट्ट्यातलं खराडीपासून हडपसरपर्यंतचं सगळं ऐकते.

पॉवर वाढवू नका. ३६ डीबीएम ईआयआरपीची (रेडिओ आणि डिश मिळून बाहेर पडणारी ताकद) मर्यादा इथेच भरते, आणि आपला आवाज शेजाऱ्याला त्रास देतो. पोलरायझेशन (लहरींची आडवी-उभी दिशा) बदलूनही उपयोग नाही, आडवं-उभं दोन्ही आधीच वापरात असतं. फरक पडला तो चॅनलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ केल्यावर: नॉइज ३ डीबीने आपोआप उतरला, शिवाय ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमध्ये रिकामी जागा सापडली. कागदावरचा कमाल स्पीड निम्मा झाला, रात्रीचा प्रत्यक्ष स्पीड मात्र वाढला. ऑटो चॅनल बंदच ठेवा.

एकाच पोलवर दुसरा रेडिओ असेल तर दोघांत उभं २ मीटर अंतर, डिशला कडं (बाजूचे सिग्नल अडवणारी धातूची कड) आणि जीपीएस सिंक (दोघांनी एकाच वेळी बोलणं, एकाच वेळी ऐकणं) हवंच. सिंक नसेल तर एक बोलत असताना दुसऱ्याला नीट ऐकू येत नाही.

पावसाला उगाच दोष देतात. ताशी २५ मिमी पावसात १० किमीवर जेमतेम १ डीबी जातो. पावसाळ्यात लिंक तुटते ती बहुतेक वेळा आरजे४५ मध्ये (नेटवर्क केबलच्या जोडणीत) पाणी शिरून; केबलला रेडिओखाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. सिग्नलच हळूहळू उतरत असेल तर खराडीकडचं नवं बांधकाम बघा, दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती मध्यावर किमान ७ मीटर मोकळे लागतात.