ई-संजीवनी : टॅबच्या अलीकडे बसणाऱ्या सीएचओचा रिव्ह्यू

ई-संजीवनीबद्दल बातम्या भरपूर येतात, पण पेशंटच्या शेजारी बसून जो डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून देतो त्याला कुणी विचारत नाही म्हणून लिहितेय. मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं उपकेंद्र, आजूबाजूला सगळे पाडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मोहालीच्या सी-डॅक या सरकारी कम्प्युटर संस्थेने बनवलेलं सरकारी काम, 2019 पासून आहे, पैसे लागत नाहीत. घरबसल्या स्वतः मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येतं, नाहीतर उपकेंद्रात येऊन आमच्यामार्फत. 2023 च्या फेब्रुवारीतच 10 कोटी कन्सल्टेशन पार झाली होती. मी लिहितेय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण आमच्याकडची म्हातारी माणसं स्वतः ॲप उघडून डॉक्टर गाठतील हे विसरा.

सगळ्यात जास्त फायदा बीपी-शुगरवाल्यांना. गोळी तीच ठेवायची का वाढवायची एवढं विचारायला आधी अख्खा दिवस मोडायचा, जीपचं भाडं, त्या दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. आता मी इथेच बीपी घेते, मागची रीडिंग वहीतनं वाचून दाखवते, डॉक्टर चार प्रश्न विचारतात आणि प्रिस्क्रिप्शन हातात. एक मात्र करा, बीपीची कोणती गोळी उपकेंद्रात शिल्लक आहे ते कॉल चालू असतानाच सांगून टाका की "सर, ॲम्लोडिपिन 5 आहे, टेल्मिसार्टन संपलीय", नाहीतर कागदावर भलतीच गोळी येते आणि ती आणायला पेशंट परत तालुक्यालाच जातो, मग काय उपयोग.

आता खरी गंमत. उपकेंद्राच्या खोलीला दार आहे पण ते लागत नाही, बाहेर ओट्यावर बाप्ये बसलेले, आणि टॅबचा स्पीकर असा की डॉक्टरांचा प्रश्न पार हापशापर्यंत ऐकू जातो. एक बाई अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेली, कॉल लागला तशी "काय नाय, कंबर दुखते" म्हणाली. ट्रेनिंगमध्ये लॉगिन, पासवर्ड, रिपोर्ट सगळं शिकवलं, हे नाही शिकवलं. मग मी वायरचे इयरफोन आणले, एक तिच्या कानात, एक माझ्या, डॉक्टर मॅडमच होत्या, हळूहळू सगळं बोलली. तेव्हापासून इयरफोन ड्रॉवरमध्येच असतात, स्वतःच्या पैशाने का होईना पण घ्याच.

कातडीच्या तक्रारीला व्हिडिओवर विसंबू नका, दिलेल्या टॅबच्या कॅमेऱ्यात चट्टा आणि सावली सारखीच दिसते. आधी विचारून उजेडात फोटो काढा, तो जोडा, मग कॉल.

आभा नंबरचं, म्हणजे सरकारी हेल्थ आयडीचं, वेगळंच. 14 आकडी नंबर, आधारवरून काढायला गेलं की ओटीपी जातो पोराच्या मोबाइलवर, आणि पोरगं द्राक्षाच्या बागेत कामाला. फोन करून "दादा, मेसेज आला का, आकडा सांग" म्हटलं की तो फ्रॉड समजून कट करतो, बरोबरच आहे त्याचं, आम्हीच तर सांगतो ओटीपी देऊ नका. आभा नसला तरी उपचार थांबत नाही, हे पेशंटला आधी सांगा, नाहीतर बिचारे तसेच माघारी जातात.

खटकतं ते एकच, वरून संध्याकाळी व्हॉट्सॲपवर विचारणा येते, आज किती कॉल? त्या कंबरदुखीवाल्या बाईला अर्धा तास दिला तो आकड्यात एकच मोजला जातो आणि साध्या सर्दीचे पटापट लावलेले पाच कॉल पाच. आता सांगा, माणूस कुणीकडे झुकणार?

बाकी सकाळी गर्दी असते, फॉलोअपवाल्यांना दुपारनंतरच बोलवा. माझ्याकडून चार स्टार, कापलेला एक ॲपसाठी नाही, त्या संध्याकाळच्या मेसेजसाठी. आणि नव्याने लागलेल्यांना एवढंच, छातीत कळ किंवा धाप घेऊन कुणी आलं तर टॅब चालू करत बसू नका, सरळ 108 लावा.