लारावेल रिव्हर्ब: मिरकरवाड्याच्या लिलावाला लावून पाहिलं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुरमईचा लिलाव सुरू झाला की भाव मिनिटागणिक हलतो. तो हॉटेलवाल्यांना मोबाइलवर तेव्हाच दिसावा म्हणून भावोजींनी माझ्याकडून साइट करून घेतली. आधी प्रत्येक ब्राउझर दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारायचा, नवीन काय? गिऱ्हाइकापेक्षा चौकशीच जास्त.

२०२४ मध्ये लारावेल ११ (PHP मध्ये साइट बनवायची चौकट) सोबत आलेलं रिव्हर्ब बसवलं. हा सर्व्हर ब्राउझरशी जोडणी उघडी ठेवतो आणि नवीन काही आलं की स्वतःच कळवतो. पुशर या अशाच ऑनलाइन सेवेचा प्रोटोकॉल (संवादाची पद्धत) बोलतं, त्यामुळे ब्राउझरकडे लारावेल एको (असे संदेश ऐकणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) चालतं आणि वेगळा नोड (जावास्क्रिप्टचा) सर्व्हर सांभाळावा लागत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधून अपग्रेडचं हेडर (साधी जोडणी उघडी ठेवायची करा, असं सांगणारी ओळ) रिव्हर्बकडे पुढे पाठवलं, झालं.

पण रिव्हर्ब ही सतत चालणारी प्रोसेस आहे. कोड बदलला तरी मेमरीत जुनाच राहतो. पापलेटचा भाव सुरमईखाली का दिसतोय हे मी दोन तास शोधत होतो. रीस्टार्टच केलं नव्हतं! चूक माझीच, भावोजींचं तोंड मात्र बांगड्याएवढं.

शिवाय रेंज गेली तर एको आपोआप परत जोडतं, पण मधले भाव परत येत नाहीत. म्हणून जोडणी झाली की ताजा भाव डेटाबेसमधून वेगळा मागवतो.