शिंपल्यावरच्या रेघा मोजायला घेतलेला मोबाईलचा सूक्ष्मदर्शक: चार महिने वापरून

मी पवनी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. ओटीजी वायरने मोबाईलला जोडायचा हा छोटा डिजिटल सूक्ष्मदर्शक दिवाळीनंतर ऑनलाइन मागवला. किंमत 1,350 रुपये, टोकाशी आठ एलईडी. पहिला नग बंद निघाला. परत पाठवून दुसरा यायला सतरा दिवस गेले.

घेतला तो एका मुलीमुळे. सातवीत झाडाच्या खोडातली वलयं शिकवत होते, तर तिने दप्तरातून वैनगंगेतला शिंपला काढला. "मॅडम, याच्यावर बी तशाच रेघा आहेत जी. मंग याचं बी वय काढता येते का?"

काढता येतं. आतला जीव कडेकडेने चुन्याचा थर चढवत वाढतो आणि वाढ मंदावली की गडद रेघ उमटते. सांध्याजवळचा, म्हणजे दोन्ही शिंपा जोडलेल्या असतात तिथला भाग सगळ्यात जुना, कडा सगळ्यात नवी.

आता यंत्राबद्दल. खोक्यावर "1000 पट" लिहिलंय, ते धरू नका. मोजपट्टीचा एक मिलिमीटर माझ्या मोबाईलच्या पंधरा सेंटिमीटर पडद्यावर जेमतेम मावतो, म्हणजे खरे दीडशे पट. आमच्या कामाला तेवढे पुरले. स्टँड मात्र निकामी आहे, पंखा लावला तरी चित्र हलतं. सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घेतला तेव्हा कुठे जमलं. एलईडीचा उजेड शिंपल्यावर पडला की नुसती चमक दिसते. ते बंद करून बाजूने टॉर्च तिरपी धरा, प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि रेघा उठून दिसतात.

वरच्या रेघा फसव्या असतात, खरं मोजायचं तर शिंपला कापावा लागतो. रत्नागिरीच्या ताईने भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांची (खायच्या छोट्या शिंपल्यांची) टरफलं आणली होती. फुटू नये म्हणून त्यावर एपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) लावलं, आणि गावात फरशी बसवणाऱ्या भाऊंनी पाण्याची धार सोडत सांध्यापासून कडेपर्यंत सरळ काप दिला. मग गॅरेजमधला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), जाड ते बारीक: 400, 800, 1200. थोडा वेळ व्हिनेगर, धुऊन-वाळवून वर पारदर्शक नेलपॉलिश, आणि सुकल्यावर सेलोटेपने ती पापडी उचलायची. शिंपल्याचा ठसा तिच्यावर येतो. या पापडीत बारीक रेघा दिसल्या तेव्हा वर्गात कुणी बोलेना.

कोकणात दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीत उघडी पडलेली तिसरी मिटून बसते, वाढ थांबते, रेघ पडते. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या लहान) भरतीनुसार या रेघांमधलं अंतर बदलतं, साधारण पंधरवड्याने पुन्हा तसंच येतं. पोट्ट्यांनी एका ठिकाणी अशा एका फेऱ्यात 26 रेघा मोजल्या, मी 27. दिवसाला दोन भरत्या धरल्या तर अठ्ठावीसच्या आसपास हव्यात. यातल्या एकानेही अजून समुद्र पाहिलेला नाही.

या यंत्राने तापमान कळत नाही, ती अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी प्रयोगशाळेत थराथरातून चूर्ण खरवडून ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजतात. पाणी थंड असेल तर शिंपल्यात जड ऑक्सिजन जास्त उतरतो, आणि साधारण चार-साडेचार अंशांच्या फरकाला हे प्रमाण हजारात एकाने बदलतं. खाडीत पावसाळ्याचं गोडं पाणी शिरलं की हाच हिशोब बिघडतो, कारण पावसाच्या पाण्यातच जड ऑक्सिजन कमी असतो. म्हणून खुल्या, थंड समुद्रातले दीर्घायुषी शिंपले जास्त कामाचे. आर्क्टिका आयलँडिका जातीचा एक शिंपला 2006 साली आइसलँडजवळ सापडला. सांध्याजवळच्या दाटीवाटीच्या रेघा मोजून आधी त्याचं वय चारशेच्या थोडं वर काढलं होतं. बाहेरच्या कडेवर पुन्हा मोजल्यावर 2013 मध्ये ते, सापडला तेव्हाचं, 507 वर्षं निघालं, म्हणजे जन्म 1499 चा! जिवंत आणि मेलेल्या शिंपल्यांच्या जाड-बारीक रेघांचा क्रम एकमेकांशी जुळवत तिथे 1,357 वर्षांची सलग मालिका तयार झाली आहे. थर्मामीटर नव्हता त्या शतकांतल्या समुद्राबद्दल त्यातून कळतं. हे सांगताना एका मुलाने विचारलं, "दोनदा मोजलं नसतं तं शंभर वर्षं चोरीलेच गेले असते ना जी?" तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक शिंपला दोघं जण वेगवेगळे मोजतात.

नदीच्या शिंपल्यात भरती-ओहोटी नाही. तिथली रेघ पुराची, उन्हाळ्यात पाणी आटल्याची की आणखी कशाची, हे नुसत्या रेघेवरून सांगता येत नाही. म्हणून आम्ही तारीख लिहून एकाच डोहातले रिकामे शिंपले दर महिन्याला गोळा करतो.

मोबाईलची बॅटरी हे यंत्र भराभरा खातं, पॉवर बँक सोबत ठेवा. तरी शाळेसाठी मी पुन्हा हेच घेईन.

मागच्या आठवड्यात त्या मुलीची आजी स्वतः शाळेत आली. पदरात जुनी शिंप होती, लेकरांना घुटी पाजायची, गोसेखुर्दचं धरण व्हायच्या आधीची. "पायजे तेवढी पाहा, पण कापू नका जी," म्हणाली. ठोकळ्यावर ठेवली, टॉर्च तिरपी धरली. नातीने नऊ गडद रेघा मोजल्या, आजीने पडद्यावर बोट फिरवत आठ.